ऋतूतील पहिला हलका हिमपात आणि स्थानिक हवामान अंदाज : काश्मीर खोऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

हिवाळ्याच्या तोंडावर होणारा पहिला हलका हिमपात मोजमापाच्या दृष्टीने किरकोळ असतो. तथापि त्याचा अंदाज वर्तविणे भर हिवाळ्यातील हिमवृष्टीच्या अंदाजापेक्षा अवघड असते आणि त्यामुळे होणारे नुकसानही पुष्कळदा अधिक असते. प्रस्तुत लेखात काश्मीर खोऱ्यातील पहिल्या हिमपाताच्या आधारे या विसंगतीची भौतिक, भौगोलिक आणि व्यावहारिक कारणे स्पष्ट केली आहेत. अंदाजपत्रकातील ‘हलका’, ‘तुरळक ठिकाणी’, ‘शक्यता’ या शब्दांचे निश्चित अर्थ कोणते, आणि बागायतदाराने अशा अंदाजावरून निर्णय कसा घ्यावा, याचाही विचार येथे केला आहे.

कळीचे शब्द : हिमपात, पश्चिमी विक्षोभ, हिमपात-पातळी, स्थानिक अंदाज, संभाव्यता, सफरचंद बागायत.

१. प्रस्तावना

ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात श्रीनगरच्या हवामान केंद्राच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस अथवा हिमपात संभवतो’ अशा आशयाचे एखादे वाक्य येते. देशाच्या अन्य भागांतील वाचक या वाक्याकडे पर्यटनाची वार्ता म्हणून पाहतो. खोऱ्यातील माणसासाठी मात्र त्याचे अर्थ अनेक आहेत. सरपण आणि कांगडीचा कोळसा घरात आला आहे का, मुघल रस्त्यावरून जाणारा ट्रक आज सोडावा की थांबवावा, बागेत शिल्लक राहिलेली सफरचंदे उद्याच उतरवावीत का, असे प्रश्न त्या एका वाक्याशी बांधलेले असतात.

काश्मिरी संस्कृतीत पहिल्या हिमाला मानाचे स्थान आहे. ‘शीन’ म्हणजे हिम. पहिला हिमपात झाला की ‘नव शीन’ची शुभेच्छा एकमेकांना दिली जाते. नीलमतपुराण या प्राचीन काश्मिरी ग्रंथात नव्या हिमपाताच्या उत्सवाचे वर्णन आढळते. थंडीच्या कालगणनेतही हिमाचा विचार आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, त्यानंतरचा वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचा दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ अशी ही विभागणी आहे. या कालखंडांतील हिम अपेक्षित असते, किंबहुना ते हवेहवेसे असते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात जानेवारीच्या अखेरीपर्यंत हिम जवळजवळ पडलेच नाही आणि गुलमर्गचे उतार कोरडे राहिले, तेव्हा चिंता व्यक्त झाली ती हिम न आल्याबद्दल. प्रश्न निर्माण होतो तो हिम ‘चिल्लई कलान’ची वाट न पाहता सहा-सात आठवडे आधी येते तेव्हा.

प्रस्तुत लेखाचा विषय हा आधी येणारा, थोडा आणि ओला हिमपात आहे. त्याचे प्रमाण अल्प असताना त्याचा अंदाज अवघड का, आणि त्याचे परिणाम मोठे का, या दोन प्रश्नांची उत्तरे पुढील विवेचनातून देण्याचा प्रयत्न केला आहे.

२. हिमपाताचे उगमस्थान : पश्चिमी विक्षोभ

महाराष्ट्रातील वाचकाला पाऊस म्हटला की नैर्ऋत्य मोसमी वारे आठवतात. काश्मीरच्या हिवाळी वृष्टीचा स्रोत वेगळा आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात व त्याच्या पूर्वेकडे निर्माण होणाऱ्या, उच्च स्तरांतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत यालाच ‘पश्चिमी झंझावात’ असेही म्हटले जाते. हिवाळ्याच्या महिन्यांत सरासरीने दरमहा चार ते सहा विक्षोभ वायव्य भारतावर येतात. भूमध्य, काळा व कास्पियन समुद्रांकडून आणि वाटेत अरबी समुद्राकडून मिळालेले बाष्प ते वाहून आणतात. हिमालय व पीर पंजाल पर्वतरांगांमुळे ही हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि बाष्पाचे घनीभवन होऊन पाऊस किंवा हिम पडते.

विक्षोभ येत आहे हे आज चार-पाच दिवस आधी बऱ्याच खात्रीने सांगता येते. उपग्रहचित्रांत त्याचे ढग दिसतात आणि संख्यात्मक प्रारूपे त्याचा मार्ग दाखवितात. तो कोणत्या प्रहरी पोहोचेल आणि त्यातून किती वृष्टी होईल, हे दोन-तीन दिवस आधी अधिक स्पष्ट होते. त्या वृष्टीचे स्वरूप द्रव राहील की घन, हा प्रश्न मात्र शेवटच्या चोवीस तासांपर्यंत, कधी कधी शेवटच्या तीन तासांपर्यंत, उघडाच राहतो. पहिल्या हिमपाताच्या अंदाजातील खरी अडचण येथे आहे.

३. पाऊस की हिम : एका अंशाचे अंतर

मध्य व उच्च अक्षांशांत, तसेच हिवाळी हिमालयात, ढगांतील वृष्टीचा आरंभ बहुधा हिमस्फटिकांच्या रूपाने होतो. शून्याखालील तापमानातही ढगांत द्रवरूप, अतिशीतित जलबिंदू असतात. त्याच तापमानाला बर्फावरील संपृक्त बाष्पदाब पाण्यावरील संपृक्त बाष्पदाबापेक्षा कमी असल्यामुळे बाष्प जलबिंदूंकडून स्फटिकांकडे जाते आणि स्फटिक वाढतात. उणे १२ ते उणे १८ अंश सेल्सिअस या पट्ट्यात सहा फाट्यांचे नक्षीदार स्फटिक विशेष वेगाने वाढतात. असे स्फटिक एकमेकांत गुंतून हिमपाकळ्या तयार होतात व खाली येऊ लागतात.

खाली येताना त्यांना शून्य अंशाची पातळी ओलांडावी लागते. त्या पातळीखालील हवेचा थर जाड व उबदार असेल तर पाकळी वितळून थेंब होते. थर पातळ असेल तर ती हिम म्हणूनच जमिनीवर उतरते. स्थूलमानाने शून्य अंशाच्या पातळीखाली सुमारे ३०० मीटरपर्यंत हिम टिकते. या खालच्या मर्यादेला आपण ‘हिमपात-पातळी’ म्हणू.

येथे केवळ साध्या तापमापीवरील आकडा पुरेसा ठरत नाही. कोरड्या हवेतून पडताना हिमपाकळीचे व थेंबांचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. परिणामी हवा थंड होते. ही हवा कोठपर्यंत थंड होऊ शकेल, हे फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीवरून, म्हणजे आर्द्र तापमापीवरून, समजते. एक उदाहरण घेऊ. श्रीनगरच्या उंचीवर हवेचे तापमान ४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असल्यास आर्द्र तापमापी सुमारे १ अंश दाखवील. सायंकाळी चार अंश तापमान पाहून ‘आज पाऊसच पडेल’ असे म्हणणारा निरीक्षक मध्यरात्री हिम पडताना पाहील. कारण पहिल्या तासाभराच्या वृष्टीने हवा ओली होत एका अंशाजवळ आलेली असेल. याउलट, तापमान तेच, परंतु आर्द्रता ९५ टक्के असेल, तर आर्द्र तापमापी ४ अंशांच्या किंचितच खाली राहील आणि पाऊस हा पाऊसच राहील. म्हणून पूर्वानुमानकार तापमानाइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, लक्ष दवबिंदूकडे देतो.

४. ‘हलका’ हिमपात अधिक अवघड का?

थंड होण्याची दुसरी प्रक्रिया वितळण्याची आहे. एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. १० मिलिमीटर पाण्याइतके हिम वाटेत वितळले, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवरील हवेतून सुमारे ३,३४० किलोज्यूल उष्णता काढून घेतली जाते. एक किलोमीटर जाडीच्या हवेच्या थराचे तापमान त्यामुळे सुमारे ३ अंशांनी उतरू शकते. काश्मीर खोरे चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले, एखाद्या परातीसारखे आहे. वारे मंद असल्यास थंड झालेली हवा तेथेच साचून राहते आणि हिमपात-पातळी हळूहळू खोऱ्याच्या तळापर्यंत उतरते. पावसाने सुरू झालेल्या दिवसाची अखेर हिमाने होते, ती अशी.

आता वृष्टी केवळ २ मिलिमीटर असेल तर काय होईल? याच गणिताने हवा जेमतेम ०.६ अंशाने थंड होईल. म्हणजेच जोरदार वृष्टी स्वतःपुरती थंडी स्वतःच निर्माण करते. हलक्या वृष्टीला ती आयती मिळावी लागते. डिसेंबर-जानेवारीत खोऱ्यातील हवा मुळातच पुरेशी थंड असल्याने हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी मात्र तापमान नेमके उंबरठ्यावर असते. वृष्टीचा जोर किती, या एका अंदाजावर वृष्टी कोणत्या रूपात पडेल हा दुसरा अंदाज अवलंबून राहतो, आणि पहिल्यातील अल्प चूक दुसऱ्यात पूर्ण उलट उत्तर देते. ऋतूतील पहिला हलका हिमपात पूर्वानुमानकाराची परीक्षा पाहतो, तो यामुळे.

यात आणखी एका घटकाची भर पडते. ऑक्टोबरअखेरपर्यंत जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते. मातीवर पडलेले पहिले हिम वितळून जाते. गवत, छपरे, मोटारींचे टप आणि झाडांच्या फांद्या मात्र लवकर थंड होत असल्याने त्यांवर ते साचते. वेधशाळेच्या आवारातील जमिनीवर ‘नाममात्र’ हिमाची नोंद होत असताना शेजारच्या बागेतील फांदी वाकलेली असू शकते. दोन्ही निरीक्षणे खरी असतात.

५. खोऱ्याचा भूगोल आणि प्रारूपांची मर्यादा

वातावरणात वर जाताना तापमान सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी घटते. याचाच अर्थ असा की, अंदाजित तापमानात एका अंशाची चूक झाली तर हिमपात-पातळीत सुमारे १५० मीटरची चूक होते. सपाट प्रदेशात ही चूक बहुधा खपून जाते. काश्मीरमध्ये ती तालुक्यांची अदलाबदल करते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे. सफरचंदांसाठी प्रसिद्ध असलेले शोपियां २,००० मीटरच्या किंचित वर, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. श्रीनगर आणि शोपियां यांच्यातील थेट अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास असले, तरी तापमानाच्या हिशेबात ते सुमारे तीन अंशांचे अंतर आहे. एकाच विक्षोभात गुलमर्गला निश्चित हिम, शोपियांला संभाव्य हिम आणि श्रीनगरला थंड पाऊस असे तीन वेगळे अंदाज एकाच वेळी बरोबर असू शकतात. ‘काश्मीर खोऱ्यात हिमपात’ या ठळक मथळ्यात ही तिन्ही गावे एक होऊन जातात.

पूर्वानुमानाची काही प्रचलित साधनेही येथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. सखल देशांत ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरील तापमान पाहून हिमाचा अदमास घेतला जातो. ही पातळी समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरवर असते. श्रीनगरची जमीनच त्या उंचीवर असल्यामुळे तो आकडा तेथे वरच्या हवेचे काहीही सांगत नाही. तेथील पूर्वानुमानकाराला सुमारे तीन किलोमीटरवरील ७०० हेक्टोपास्कल पातळीकडे आणि स्थानिक अनुभवाकडे वळावे लागते.

संख्यात्मक प्रारूपांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. प्रारूप भूपृष्ठाचे चौकोन पाडते व प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुमारे सहा किलोमीटरच्या चौकोनांवर काम करते; त्यापूर्वीच्या प्रणालीतील चौकोन सुमारे बारा किलोमीटरचे होते. ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. परंतु पीर पंजालच्या उतारावर सहा किलोमीटरच्या आत उंचीत एक हजार मीटरचा फरक पडू शकतो, म्हणजेच साडेसहा अंशांचा. प्रारूपाने दिलेल्या सरासरीला गावाच्या प्रत्यक्ष उंचीनुसार दुरुस्त करण्याचे काम शेवटी माणसालाच, किंवा माणसाने जुन्या नोंदींवरून घडविलेल्या सांख्यिकीय पद्धतीला, करावे लागते. डॉप्लर रडारवर वितळणाऱ्या हिमाचा थर उजळ पट्ट्याच्या रूपाने दिसतो व हिमपात-पातळी किती उतरली हे कळते. मात्र डोंगर रडारच्या किरणांना अडवितात, त्यामुळे दरीतल्या गावावरचे चित्र अपुरे राहते.

६. फांदीवरील भार

देशातील एकूण सफरचंदांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक उत्पादन जम्मू-काश्मीरमध्ये होते. काढणीचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होऊन उंचावरील व उशिरा तयार होणाऱ्या वाणांसाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत, काही ठिकाणी नोव्हेंबरपर्यंत चालतो. फळे उतरल्यावरही झाडांची पाने काही आठवडे गळत नाहीत. जानेवारीतील निष्पर्ण झाडाच्या फांद्यांतून हिम खाली निसटते. नोव्हेंबरमधील सपर्ण झाड त्याला छत्रीसारखे झेलते.

भाराचा अंदाज घेण्यासाठी एक साधे गणित करता येईल. पाच मीटर व्यासाच्या पर्णसंभाराचे क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस मीटर होते. त्यावर १० मिलिमीटर पाण्याइतके हिम पडले, तर एकूण वजन २०० किलोग्रॅम होईल. यांपैकी निम्मेच हिम पानांवर थांबले असे धरले, तरी त्या झाडावर शंभर किलोग्रॅमचा, म्हणजे एका क्विंटलचा, अतिरिक्त भार येतो. तोही फांद्यांच्या टोकांकडे, जेथे तरफेचा परिणाम सर्वाधिक असतो. हिम कोरडे असेल तर एक मिलिमीटर पाण्यापासून एक ते दीड सेंटिमीटर भुसभुशीत थर तयार होतो व वाऱ्याने उडून जातो. उंबरठ्यावरील तापमानाचे ओले हिम मात्र दाट असते. त्याच पाण्याचा थर जेमतेम अर्धा सेंटिमीटर होतो आणि पानाला चिकटून राहतो.

येथे विसंगतीचा गाभा स्पष्ट होतो. भारत हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर वृष्टी ‘हलकी’ समजली जाते. वरील उदाहरणातील १० मिलिमीटर वृष्टी या व्याख्येत पूर्णपणे बसते. पत्रकात ‘हलका’ ठरलेला हिमपात फांदीला हलका नसतो. ‘हलका’ हे विशेषण आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे आहे, जमिनीवरील परिणामाचे नव्हे.

गेल्या काही वर्षांतील घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी श्रीनगरसह खोऱ्यात हिमपात झाला आणि दक्षिण काश्मीरमधील बागांचे मोठे नुकसान झाले. पुढील वर्षी, ७ नोव्हेंबर २०१९ च्या सुमारास, याहून तीव्र हिमवृष्टी झाली; त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘महा’ चक्रीवादळ होते. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी शोपियां व कुलगामच्या उंचावरील बागांत फळे झाडावर असतानाच हिम पडले. या सर्व प्रसंगी प्रमाण सर्वत्र ‘हलके’ होते असे नव्हे. परंतु नुकसानीचे मुख्य कारण तारीख हे होते. तेवढेच हिम जानेवारीत पडते तर त्याची नोंद बहुधा पर्यटनवार्तेपुरतीच झाली असती. पंधरा-वीस वर्षे जोपासलेले झाड मधून चिरले की त्या हंगामाच्या फळांबरोबर पुढील अनेक वर्षांचे उत्पन्नही जाते. ही बाब नुकसानभरपाईच्या हिशेबात सहज मावत नाही.

७. अंदाजाच्या भाषेचे व्याकरण

अंदाजपत्रकातील शब्द बोलीतले दिसत असले तरी ते पारिभाषिक आहेत. मराठी वृत्तपत्रवाचकाला ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्दप्रयोग परिचित आहेत. त्यांचा संबंध क्षेत्रातील किती टक्के केंद्रांवर वृष्टी होईल याच्याशी आहे : अनुक्रमे २५ टक्क्यांपर्यंत, २६ ते ५०, ५१ ते ७५ आणि ७६ ते १०० टक्के. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी हिमपात’ या अंदाजात चारपैकी निदान तीन केंद्रे कोरडी राहणे हे अंदाजाला धरूनच आहे.

संभाव्यतेच्या शब्दांनाही अशाच पायऱ्या आहेत. विभागाच्या पत्रकांत २५ टक्क्यांखालील घटना ‘संभवत नाही’ या वर्गात, २५ ते ५० टक्के ‘शक्यता’, ५० ते ७५ टक्के ‘दाट शक्यता’ आणि त्यापुढील ‘सर्वाधिक शक्यता’ या वर्गांत मोडते. येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागेल. सर्वसामान्य वाचक ‘शक्यता आहे’ याचा अर्थ ‘बहुधा होईल’ असा घेतो. पारिभाषिक अर्थाने मात्र ती घटना न घडण्याचा संभव घडण्याइतका किंवा त्याहून अधिक असतो. असे चार अंदाज दिले आणि त्यांपैकी दोन वा तीन वेळा हिम पडले नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. उलट, ‘शक्यता’ वर्तविलेल्या प्रत्येक वेळी हिम पडू लागले, तर तो अंदाजकर्ता जरूरीपेक्षा जास्त सावध आहे असे समजावे लागेल. एकेका अंदाजाला खरे-खोटे न ठरविता अनेक अंदाजांची एकत्रित पडताळणी करावी लागते. त्यासाठीचे वर्गांतरावर आधारलेले मापन ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडले व ते आजही वापरात आहे.

८. अंदाजाकडून निर्णयाकडे

तीस टक्के संभाव्यता असलेल्या अंदाजाचे बागायतदाराने करावे तरी काय? या प्रश्नाचे एक सोपे उत्तर ‘खर्च आणि हानी’ यांच्या गुणोत्तरात सापडते. बचावाच्या उपायाचा खर्च भागिले उपाय न केल्यास होणारी हानी, हे गुणोत्तर घटनेच्या संभाव्यतेपेक्षा कमी असेल तर उपाय करावा. अधिक असेल तर करू नये.

कल्पित आकड्यांनी हे स्पष्ट करू. समजा, उरलेली फळे दोन दिवसांत उतरवून घेण्यासाठी जादा मजुरीचा खर्च दहा हजार रुपये येतो आणि हिम पडल्यास पन्नास हजारांची हानी होते. गुणोत्तर ०.२ येते. येथे ३० टक्के संभाव्यताही कृतीस पुरेशी आहे. याच वेळी एखादा व्यापारी फळांनी भरलेला ट्रक रोखून धरण्याचा विचार करीत आहे. थांबण्याचा खर्च वीस हजार आणि घाटात अडकल्यास होणारी हानी चाळीस हजार असेल, तर गुणोत्तर ०.५ होते. त्याच ३० टक्के अंदाजावर त्याने ट्रक सोडणे सयुक्तिक आहे. अंदाज एक, निर्णय दोन, आणि दोन्ही योग्य. हवामान विभागाने केवळ ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे सांगावे, अशी मागणी पुष्कळदा केली जाते. ती मान्य केल्यास या दोघांपैकी एकाच्या वाट्याचा निर्णय हवामान विभागानेच परस्पर घेतल्यासारखे होईल.

या गणिताला एक मर्यादा आहे, तीही नमूद केली पाहिजे. मोठ्या बागायतदाराला दहापैकी सात वेळा वाया गेलेला खर्च तीन वेळच्या बचावातून भरून काढता येतो. चार कनाल जमिनीच्या मालकाला पहिल्याच वाया गेलेल्या खर्चाने कर्ज काढावे लागते. शिवाय सर्वांना एकाच दिवशी मजूर हवे असतात, त्यामुळे मजुरीचा दर अंदाजाबरोबरच चढतो. म्हणून लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने कमी खर्चाच्या उपायांना महत्त्व आहे. गारपीटरोधक जाळ्या हिमापूर्वी गुंडाळून ठेवणे, फळांनी लगडलेल्या फांद्यांना टेकू देणे, हिम पडत असतानाच लांब काठीने फांद्या हलक्या हाताने झटकणे आणि मोडलेल्या जागी बोर्डो मलम लावणे, या गोष्टींना मुख्यतः श्रम लागतात. मात्र फांद्या झटकण्यासाठी रात्री दोन वाजता उठावे लागते, आणि त्यासाठी हिम कोणत्या प्रहरी सुरू होईल हे सांगणारा तीन तासांचा तात्काळ अंदाज गावापर्यंत, काश्मिरी वा उर्दू भाषेत, पोहोचावा लागतो. तेथे सेंटिमीटरच्या अचूकतेपेक्षा वेळेची अचूकता अधिक मोलाची ठरते.

९. महाराष्ट्राच्या दृष्टीने

हा विषय महाराष्ट्राला वाटतो तितका परका नाही. भारत हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय १९०५ मध्ये कलकत्त्याहून सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला व १९४४ मध्ये दिल्लीला हलले. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्या स्थलांतराची खूण म्हणून आजही टिकून आहे. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातील हिम आणि भारतातील अवर्षण यांचा संबंध मांडला व त्याच सूत्राच्या आधारे १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घकालीन अंदाज देण्यास आरंभ झाला. हिमालयातील हिम मोजण्याची गरज दख्खनच्या दुष्काळातूनही जाणवली होती, असे म्हणता येईल.

दुसरा मुद्दा संज्ञांच्या शिस्तीचा आहे. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात गवतावर व मोटारींवर पांढरा थर दिसला की कधी कधी त्याला ‘बर्फवृष्टी’ म्हटले जाते. वस्तुतः ती वृष्टी नसते. निरभ्र, शांत रात्री जमिनीतून उष्णता निघून जाते, पृष्ठभागालगतचे तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरते आणि दव गोठते. त्यासाठी आकाश स्वच्छ असावे लागते. हिमपातासाठी ते ढगाळ असावे लागते. दोन्ही घटनांचा शेवट पांढरा असला तरी कारणे परस्परविरुद्ध आहेत. भूगोलाच्या वर्गात हा फरक विद्यार्थ्यांकडून सहज काढून घेता येईल.

तिसरा आणि अधिक महत्त्वाचा मुद्दा अध्यापनाचा आहे. नाशिकच्या द्राक्षबागेवर फुलोऱ्याच्या वेळी पडणारा पाच मिलिमीटर अवकाळी पाऊस आणि शोपियांच्या बागेवरील पाच मिलिमीटर अवकाळी हिम यांची जातकुळी एकच आहे. दोन्ही पत्रकात ‘हलके’ असतात, दोन्ही पिकाच्या नाजूक अवस्थेत येतात. आपल्या महाविद्यालयांत भूगोल, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र यांचे विभाग एकत्र येऊन स्थानिक अंदाजांच्या पडताळणीचा छोटा प्रकल्प हाती घेऊ शकतात. जिल्ह्याचा रोजचा अंदाज, महाविद्यालयाच्या आवारातील पर्जन्यमापकाची सकाळी साडेआठची नोंद आणि परिसरातील पिकाची अवस्था, असे तीन रकाने एका हंगामभर भरले तरी अंदाजाची गुणवत्ता आणि उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या नोंदींवरून कळेल.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिल्या हलक्या हिमपाताचा अंदाज अवघड असतो, कारण तापमान उंबरठ्यावर असते आणि अल्प वृष्टी ते खाली ओढण्यास असमर्थ असते. डोंगराळ प्रदेशात एका अंशाची चूक दीडशे मीटरची होते व गावागणिक उत्तर बदलते. परिणामांचे गांभीर्य हिमाच्या प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, झाडावरील पानांवर व फळांवर अवलंबून असते. त्यामुळे अशा हंगामसंधीच्या काळात स्थानिक अंदाजपत्रकाने मिलिमीटरच्या वर्गाबरोबर उंचीचे पट्टे, संभाव्यतेची टक्केवारी, आरंभाची वेळ आणि पिकाची अवस्था यांचा उल्लेख करणे आवश्यक ठरते. ‘दोन हजार मीटरच्या वर, मध्यरात्रीनंतर, ओले हिम, संभाव्यता चाळीस टक्के, पाने असलेल्या झाडांना धोका’ हे वाक्य ‘तुरळक ठिकाणी हलका हिमपात’ या वाक्यापेक्षा फार लांब नाही. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती पूर्वानुमानकाराच्या टेबलावर आधीच असते. ती बागेच्या फाटकापर्यंत नेणे हे काम विज्ञानाइतकेच भाषेचे आणि प्रशासनाचेही आहे.